खाणीचा उकिरडा



व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले, तेव्हा मी त्यांना आधीच सांगून टाकले की, मी इतिहासाचा पंडित नव्हे. माझे जे काही शिक्षण झाले ते शाळेत थोडे आणि खाणीच्या फाटकावर पुष्कळ झाले. इंग्रजी शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश मांडीवर घेऊन. चालक म्हणाले, "तुमचा जन्म ज्यात गेला, त्याविषयीच बोला." माझा जन्म कोळशात गेला. परंतु कोळशाविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. कोळसा काढल्यावर मागे जे उरते त्याविषयी बोलणारे थोडे. म्हणून आज मी त्या उरलेल्याविषयी बोलणार आहे.

शेतकऱ्याच्या घरामागे उकिरडा असतो. त्यात शेण पडते, केरकचरा पडतो, चुलीतील राख पडते. परंतु उन्हाळा सरता सरता गाडी जुंपून तो उकिरडा वावरात जातो आणि पावसाळ्यापूर्वी ती जागा मोकळी होते. खाणीचा उकिरडा असा मोकळा होत नाही. तो वर्षानुवर्षे वाढतच जातो. भुयारी खाणीतून कोळशाबरोबर दगड येतो, धुलाईच्या कारखान्यातून बारीक गाळ येतो, बॉयलरची राख येते. उघड्या खाणीत तर कोळशावरची सारी माती व खडक आधी उचलून बाजूस टाकावा लागतो. आमच्याकडचे कामगार त्याला 'ओबी' म्हणतात. ओव्हरबर्डन ह्या इंग्रजी शब्दाचे ते लघुरूप. एक टन कोळशासाठी दोन-तीन घनमीटर ओबी उचलावी लागणे ही नित्याची गोष्ट आहे. आपल्यापैकी जे कोणी चंद्रपूर, बल्लारपूर, वणी ह्या बाजूस गेले असतील, त्यांनी सपाट मुलखात मध्येच उठलेले ते करडे डोंगर पाहिले असतील. ते डोंगर देवाने केलेले नव्हेत. ते आम्ही केले आहेत.

अशा एका डोंगराची गोष्ट मला सांगावयाची आहे. ती आपल्या मुलखातील नाही; ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्स देशातील आहे. परंतु ज्या हिशेबाने तो डोंगर रचला गेला, तो हिशेब आपल्याला परका नाही, म्हणून ती येथे सांगण्याजोगी आहे.

वेल्सच्या दक्षिणेस टॅफ नावाच्या नदीचे अरुंद खोरे आहे. तेथे १८६९ साली मर्थर व्हेल ही खाण खणावयास सुरुवात झाली आणि तिच्या आधाराने ॲबरफॅन हे गाव वसले. गावातील बहुतेक घरांची चूल खाणीच्या मजुरीवर पेटत असे. खोरे अरुंद असल्यामुळे टाकाऊ माल ठेवावयास सपाट जागा नव्हती. तेव्हा तो गावाच्या वरच्या डोंगरउतारावर नेऊन टाकू लागले. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून पुढील पन्नास वर्षांत तेथे एकामागून एक असे सात ढीग उभे राहिले. त्यांना नावे नव्हती, क्रमांक होते.

आता मधला एक दिवस ध्यानात ठेवावयास हवा. तो म्हणजे १ जानेवारी १९४७. त्या दिवशी ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या सरकारने कोळशाच्या खाणी खाजगी मालकांकडून काढून घेतल्या व राष्ट्राच्या केल्या. खाणीखाणींवर निशाणे चढली, फलक लागले की, ह्या खाणी आता लोकांच्या वतीने चालविल्या जातील. ज्यांनी मालकांविरुद्ध संप करून उपासमार सोसली होती, त्यांच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी आले असेल तर ते साहजिक होते. आपल्या देशातही १९७३ च्या मे महिन्यात उरलेल्या कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले, आणि त्या दिवसाच्या आठवणी सांगणारे जुने कामगार मी पाहिले आहेत. मी स्वतः ह्याच विचारात वाढलो की, मालक गेला म्हणजे दुःखाचे मूळ गेले.

ॲबरफॅनचा सातवा ढीग खाजगी मालकाने घातलेला नव्हता. तो १९५८ साली, म्हणजे खाणी राष्ट्राच्या झाल्यावर ११ वर्षांनी, राष्ट्रीय कोळसा मंडळाने घालावयास घेतला. जागा कशी निवडली? खाणीवरील अधिकारी डोंगरावर चालत गेले, त्यांनी जागा नजरेने पाहिली आणि ठरविली. भोके पाडून जमीन तपासली नाही. नकाशा उघडून पाहिला नाही. नकाशा उघडला असता तर त्या जागी झरा व ओढा स्पष्ट दाखविलेला होता. गावातील पोरांनाही तो ठाऊक होता. त्या डोंगराचा वालुकाश्म पाणी पिणारा, पाऊस मुबलक, जागोजाग पाझर. अशा पाण्याच्या तोंडावर मंडळाने दगड, राख आणि पुढे धुलाईचा बारीक गाळ ओतावयास आरंभ केला. आठ वर्षांत ढीग १११ फूट उंच झाला आणि त्यात सुमारे तीन लाख घनयार्ड माल साठला. त्याच्या बरोबर खाली गावातील पँटग्लास ही प्राथमिक शाळा होती.

हे अज्ञानाने झाले, पूर्वसूचना नव्हती, असे म्हणावे तर तसेही नाही. १९३९ साली त्याच खोऱ्यात किल्फिनिड येथे एक ढीग घसरून रस्त्यावर आला होता. ॲबरफॅनचाच चौथा ढीग १९४४ साली घसरला होता. सातवा ढीग स्वतः १९६३ साली घसरला. त्याच १९६३ साली मर्थर नगरपालिकेच्या अभियंत्याने खाण मंडळाला पत्र लिहिले होते. पत्राचा विषयच हा होता की, पँटग्लास शाळांच्या मागे जो कोळशाचा गाळ टाकला जातो त्यापासून धोका आहे. १९६५ साली दोन मातांनी शाळेच्या मुख्याध्यापिकेकडे अर्ज नेला की, डोंगरावरून काळे पाणी येते व शाळेच्या आसपास साचते. मुख्याध्यापिकेने तो पुढे पाठविला. पत्रे गेली, उत्तरे आली, बैठका झाल्या. ढीग वाढत राहिला. ज्या गावची रोजी एका खाणीवर आहे, त्या गावाला खाणीविरुद्ध फार मोठ्याने बोलता येत नाही, हे मी आपल्याला वेगळे सांगावयास नको.

आता २१ ऑक्टोबर १९६६ चा शुक्रवार. सहामाहीची सुट्टी लागण्यापूर्वीचा शाळेचा शेवटचा दिवस. दुपारी शाळा सुटावयाची होती. कित्येक आठवडे पाऊस लागलेला. सकाळी साडेसातच्या सुमारास ढिगावरचे मजूर कामावर चढले तेव्हा त्यांना ढिगाचा माथा दहा फूट खचलेला दिसला. खाली कळवावे तर टेलिफोनची तार चोरीस गेलेली. एक माणूस पायी खाली धाडला. तो परत आला तोवर माथा आणखी खचून वीस फूट झाला होता. निरोप हा मिळाला की, आता येथे माल टाकणे बंद करावे, पुढच्या आठवड्यात नवी जागा पाहू. मग मजूर काम आवरण्यापूर्वी घोटभर चहा घ्यावा म्हणून छपराकडे गेले. वर डोंगरावर ऊन होते आणि खाली खोऱ्यात दाट धुके. वरच्यांना गाव दिसत नव्हते, गावाला ढीग दिसत नव्हता.

सव्वानऊ वाजता ढीग सुटला. पाण्याने भरलेली ती माती एकदा हलली की माती राहात नाही. ती पातळ होऊन पाण्यासारखी धावते. सुमारे १,४०,००० घनयार्ड माल डोंगरावरून खाली आला. वाटेतले एक शेतघर त्याने पुसून टाकले आणि शाळा व तिच्या बाजूची घरे गाडून टाकली. मुले नुकतीच वर्गात येऊन बसली होती. खाणीतील पाळी वर आली. बापांनी फावड्यांनी व हातांनी उकरावयास सुरुवात केली. अधूनमधून शिट्टी वाजे, सारे काम थांबे आणि शेकडो माणसे श्वास रोखून आतून आवाज येतो का ते ऐकत. सकाळी अकरानंतर कोणीही जिवंत सापडले नाही. एकूण १४४ माणसे गेली. त्यांत ११६ मुले होती आणि बहुतेक ७ ते १० वर्षांची.

मृत्यूच्या चौकशीच्या वेळी अधिकाऱ्याने एका मुलाच्या मृत्यूचे कारण गुदमरणे असे वाचून दाखविले. तेव्हा त्याचा बाप उभा राहून म्हणाला की, तसे लिहू नका. कोळसा मंडळाने जिवंत पुरले असे लिहा. त्या बापाने मंडळाचे नाव घेतले. कोण्या गिरणीमालकाचे नाही, कोण्या सावकाराचे नाही. त्याने त्या संस्थेचे नाव घेतले, जी त्याच्याच पक्षाने, त्याच्याच मतांनी, त्याच्याच संघटनेच्या लढ्यातून उभी राहिली होती.

त्या वेळी मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रोबेन्स हे होते. हे गृहस्थ धनिकाघरचे नव्हते. ते कामगार संघटनेचे पदाधिकारी होते, मजूर पक्षाचे खासदार होते आणि १९५१ साली काही महिने मजूरमंत्रीही होते. म्हणजे तसे पाहिले तर आमच्याच पंथातले. दुर्घटनेच्या दिवशी ते ॲबरफॅनला न जाता एका विद्यापीठाचे कुलपतिपद स्वीकारण्याच्या समारंभास गेले आणि गावात दुसऱ्या दिवशी पोहोचले. पुढे त्यांनी सांगितले की, ढिगाखाली झरा आहे हे कळणे शक्यच नव्हते. ज्या झऱ्याचे पाणी गावची पोरे ओळखत होती, त्याविषयी हे बोलणे झाले. मला हे वाचताना राग आला, आणि रागानंतर भीती वाटली. खुर्ची बदलली म्हणजे माणसाला काय काय दिसेनासे होते, ह्याची ती भीती होती.

न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी न्यायासन बसले. ७६ दिवस काम चालले, १३६ साक्षीदार झाले. १९६७ च्या ऑगस्टमध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. त्याने दोष निःसंदिग्धपणे कोळसा मंडळावर ठेवला. परंतु त्या अहवालातील जी गोष्ट मला अधिक शिकवून गेली ती निराळी आहे. न्यायासनाला त्या सगळ्या प्रकरणात कोणी दुष्ट मनुष्य आढळला नाही. आढळली ती साधी, कामसू माणसे, ज्यांना ढिगाकडे पाहणे हे आपले काम आहे असे कोणी कधी सांगितलेच नव्हते. ढीग यांत्रिकी खात्याकडे होता, कारण तेथे माल नेणारी यंत्रे त्या खात्याची. परंतु ढीग म्हणजे यंत्र नव्हे. ढीग म्हणजे माती व पाणी, आणि माती-पाण्याचे शास्त्र जाणणारा स्थापत्य अभियंता त्या ढिगाकडे फिरकतही नव्हता. खाणीच्या आतील प्रत्येक गोष्टीला नियम होते: छताला आधार किती, हवा किती, दिवा कोणता. बाहेरच्या ढिगाला धोरण नव्हते.

कायद्याचेही तसेच. ब्रिटनचा खाणींविषयीचा १९५४ चा कायदा ढिगांच्या स्थैर्याविषयी गप्प होता. खाणीचा कोणी कामगार त्यात दगावला नव्हता, म्हणून १४४ माणसे मेली तरी कायद्याच्या भाषेत ही घटना सरकारला कळविणे बंधनकारक असा खाणीचा अपघात ठरत नव्हती! सभ्य गृहस्थहो, हिशेबाची वही कशी लिहिली जाते ते येथे दिसते. वहीत कोळशाचा टन होता, मजुराची पाळी होती, मजुराचा मृत्यूही होता. ढीग वहीत नव्हता, आणि ढिगाखाली राहणारे लोकही वहीत नव्हते.

पुढची हकीकत पैशाची आहे, आणि तीही सांगितली पाहिजे. एका मुलामागे मंडळाने ५०० पौंड भरपाई दिली. जगभरच्या लोकांनी मदतनिधीत सुमारे १७ लाख ५० हजार पौंड जमविले. गावाचे म्हणणे होते की, वरचे उरलेले ढीग काढा; त्यांच्या सावलीत आम्हांला झोप येत नाही. सरकार म्हणे, ते आता सुरक्षित आहेत. अखेर गावकऱ्यांनी कार्डिफच्या सरकारी कचेरीत ढिगाचा चिखल नेऊन ओतला, तेव्हा ढीग काढावयाचे ठरले. मात्र खर्चासाठी १९६८ साली त्या मदतनिधीतूनच १,५०,००० पौंड घेण्यात आले. ज्यांची मुले गाडली गेली, त्यांच्या सांत्वनाला आलेल्या पैशातून मंडळाचा उकिरडा हलविला गेला. ती रक्कम १९९७ साली परत केली गेली, पण जेवढीच्या तेवढी. २००७ साली वेल्सच्या सरकारने त्यावर आणखी भर घातली. न्यायासनाने दोषी ठरविलेल्यांपैकी कोणावर खटला झाला नाही, कोणाची नोकरी गेली नाही. रोबेन्स १९७१ पर्यंत अध्यक्षपदी राहिले.

१९६९ साली ब्रिटनने ढिगांसाठी निराळा कायदा केला, हे त्या मुलांचे ऋण समजावे. मर्थर व्हेल खाण १९८९ साली बंद झाली. खाण बंद होते, ढीग बंद होत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत मोठ्या वादळी पावसात वेल्समध्ये टायलर्सटाउन येथे एक जुना, बेवारस ढीग घसरून नदीत आला. सुदैवाने माणूस मेला नाही. मग सरकारने मोजदाद केली तेव्हा त्या चिमुकल्या देशात असे टाकून दिलेले दोन हजारांवर कोळशाचे ढीग निघाले. १९६९ चा कायदा चालू खाणींच्या काळातला होता. बंद खाणींच्या ढिगांवर त्याची पकड पुरेशी नव्हती. २०२५ साली वेल्सला त्यांच्यासाठी पुन्हा नवा कायदा करावा लागला. कोळसा जाळून संपला, नफा-तोटा वाटून झाला, मंडळ विसर्जित झाले, आणि ढीग मात्र नातवंडांच्या वाट्याला आला.

आता आपल्याकडे वळतो. ह्या बाबतीत आपला कायदा ब्रिटनहून मागे होता असे नाही. आपल्या १९५७ च्या कोळसा खाण विनियमांत ढिगांविषयी नियम होते. ३० मीटरांहून उंच ढिगाला टप्पे पाडावेत, असे त्यांत सांगितले होते. २०१७ साली त्यांच्या जागी नवे विनियम आले. तेव्हा ॲबरफॅन कायद्याच्या अभावी झाले हे खरे, परंतु कायदा असला म्हणजे तसे होणार नाही, हे खरे नव्हे. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडातील गोड्डा जिल्ह्यात राजमहाल खाणीत ओबीचा प्रचंड ढीग आत कोसळला आणि २३ कामगार ठार झाले. खाण सरकारी, राष्ट्राच्या मालकीची. मेलेले मात्र ठेकेदाराकडचे कामगार. ओबी उचलण्याचे काम बहुधा ठेक्यावर जाते, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. कोळसा कंपनीचा, ओबी ठेकेदाराची. आणि ठेकेदाराची मुदत संपली की ओबी कोणाची?

एक चांगली गोष्टही सांगतो, नाहीतर एकतर्फी बोललो असे व्हावयाचे. २००९ साली केंद्राच्या कोळसा मंत्रालयाने असे ठरविले की, खाण चालू असतानाच ती बंद करण्याचा आराखडा करावा आणि त्या कामासाठी पैसा वेगळ्या खात्यात दरवर्षी बाजूला टाकावा. उघड्या खाणीसाठी त्या वेळच्या भावाने हेक्टरी ६ लाख रुपये असा दर ठरला. हे तत्त्व मोठे मोलाचे आहे. लग्न ठरल्यावर घर विकण्यापेक्षा मुलगी जन्मल्यापासून गाठीला पैसा बांधावा, तसे ते आहे. परंतु पैसा बाजूला टाकणे निराळे आणि ढीग उतरता करून, त्यावर सुपीक माती पसरून, झाडे जगवून, पाण्याला वाट काढून देणे निराळे. पहिले काम हिशेबनीस करतो. दुसरे झाले की नाही ते गावानेच पाहावयाचे असते.

येथपर्यंत मी दुसऱ्यांचे दोष सांगितले. आता माझा सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका खाणीवर मागण्यांचा खलिता तयार करीत होतो. युनियनच्या कचेरीत गर्दी होती. वेतनश्रेणी, रात्रपाळीचा भत्ता, दवाखाना, क्वार्टर, अशी एकेक मागणी मी लिहून घेत होतो. शेजारच्या गावची एक वृद्ध शेतकरीण दारात येऊन बराच वेळ उभी होती. तिचा मुलगा आमचा सभासद. माझे लक्ष गेले तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, तुमच्या त्या कागदात आमच्या वावरातल्या चिखलाचं बी लिहा ना जी. ढिगाचं पाणी येते, पेरलं ते दडपून जाते." मी तिला बसावयास सांगितले, पाणी दिले आणि समजावले, "मावशी, हा कामगारांचा कागद आहे. तुमचा विषय तहसीलदाराकडे." ती काही बोलली नाही. निघताना एवढेच म्हणाली, "पोरगा तं तुमचाच आहे ना."

त्या पावसाळ्यात तिची विहीर गाळाने भरली. कोणी मेले नाही. वर्तमानपत्रात काही आले नाही. आमच्या मागण्यांपैकी बऱ्याच मान्य झाल्या आणि फाटकावर गुलाल उधळला गेला. मीही उधळला.

पुढे काही वर्षांनी वाचनालयात ॲबरफॅनची हकीकत माझ्या हाती आली. नगरपालिकेच्या त्या पत्राशी आणि त्या दोन मातांच्या अर्जाशी मी येऊन पोहोचलो, तेव्हा मला ती मावशी दारात उभी दिसली. कोळसा मंडळाच्या ज्या अधिकाऱ्यांना मी मनातल्या मनात शिव्या घालीत होतो, त्यांनी जे केले तेच मी केले होते. ढीग माझ्या खात्यात येत नव्हता. माझ्या वहीत पाळी होती, मजुरी होती. ढिगाखालचे वावर नव्हते. फरक एवढाच की, माझ्या ढिगाखाली शाळा नव्हती, आणि ती नसणे ही माझी पुण्याई नव्हे.

म्हणून आज माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. खाण कोणाच्या मालकीची, हा प्रश्न मोठा आहे व त्यासाठी मी आयुष्य वेचले, त्याचा मला पश्चात्ताप नाही. परंतु तो सुटला म्हणजे उकिरड्याचा प्रश्न आपोआप सुटतो, ही आमची समजूत चुकीची होती. उकिरड्याला धनी लागतो. प्रत्येक ढिगाच्या पायथ्याशी पाटी हवी: हा ढीग अमक्या साली सुरू झाला, उंची इतकी, खाली पाणी कोठे आहे, मागील पाहणी केव्हा झाली, आणि त्याबद्दल जबाबदार अधिकारी कोण. त्या पाहणीत गावची दोन माणसे हवीत, कारण झरा कोठे आहे हे नकाशाआधी त्यांना ठाऊक असते. ठेकेदार गेला तरी ढिगाची जबाबदारी कंपनीवरच राहावी. आणि कामगार संघटनांनी हा विषय आपला मानावा. खाणीतील मजूर पाळी संपवून ज्या गावात निजतो, ते गाव बहुधा ढिगाच्या पायथ्याशी असते.

शहरातील आपणां श्रोत्यांनाही एक विनंती आहे. ह्या सभागृहातील दिवे व पंखे ज्या विजेवर चालतात, तिच्यातील मोठा भाग आजही कोळशातून येतो. तेव्हा तो ढीग कंपनीचा आहे, आमचा आहे, आणि काही अंशी आपलाही आहे. चंद्रपूरकडे गेलात तर तो एकदा उतरून जवळून पाहा.

ती मावशी आता नाही. गेल्या खलित्यात आम्ही ढिगाच्या पाण्याविषयी व गावाच्या पाहणीविषयी एक कलम घातले. चर्चेच्या वेळी समोरचे अधिकारी मला म्हणाले, "हा विषय कामगारांचा नाही, साहेब." माझेच शब्द माझ्याकडे परत आले. ते कलम अद्याप मंजूर झालेले नाही. पुढच्या खलित्यात ते पुन्हा घालणार आहोत, आणि ह्या वेळी ते शेवटी असणार नाही.